महाळुंग्याचा जोड

मोजल्याशिवाय ठाम विधान करायची मला सवय नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माणूस 'अंदाजे' हा शब्दसुद्धा जपून वापरतो. तरी एक गोष्ट मी न मोजता सांगतो. आमचे साडू उद्या स्वर्गात गेले, तर दारात उभ्या असलेल्या देवाला नमस्कार करायच्या आधी ते खाली वाकतील, पायाखालच्या ढगावरून तळहात फिरवतील आणि विचारतील, "ह्यो जोड कुनी घेतलाय?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार घोटावडे. घरची जमीन आहे. तिच्या काही भागात भात होतो आणि काही भागावर आसपासच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. खोल्या झाल्या, शेतातलं काम आटलं आणि साडूंचे हात रिकामे झाले. या वयात हात रिकामे झाले की आमच्याकडची माणसं राजकारणात पडतात. साडू कार्पेटात पडले. एका खोलीत उत्तरेकडचा एक कार्पेट बसवणारा भाडेकरू होता. त्याच्यासोबत सहज म्हणून ते एकदा कुठल्याशा ऑफिसात गेले. तिथे कार्पेटचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले जाताना आणि बघता बघता त्यांच्यामधली रेघ नाहीशी होताना त्यांनी पाहिली. तिथून घरी आले ते दुसरेच कोणीतरी होऊन. पुढे तो भाडेकरू कायमचा गावी निघाला, तेव्हा हत्यारांची पेटी साडूंकडे देऊन गेला. आक्का, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, अजून म्हणतात, "त्यापरीस साप सोडून गेला असता तर मारता तरी आला असता."

त्या पेटीत काय काय आहे हे मला पाठ आहे, कारण कुठल्याही सणाला गेलो तरी जेवणाआधी ती मला दाखवली जाते. कपड्यांच्या इस्त्रीला कुणी लाटून लांब आणि चपटं केलं असावं, अशी एक जोडाची इस्त्री. जोडपट्टीची गुंडाळी, ही पट्टी साधारण चार बोटं रुंद असते आणि तिच्या एका अंगाला वाळक्या गोंदाच्या रेघा असतात. दोन तुकड्यांच्या कडा जिथे भेटतात, तिथे ती खालून गोंदाची बाजू वर करून ठेवायची, तिच्यावर तापलेली इस्त्री ठेवून हळूहळू मागे ओढत न्यायची, आणि इस्त्री सरकली की वितळलेल्या गोंदावर दोन्ही कडा लगेच दाबून बसवायच्या. त्यावरून फिरवायला एक दातेरी चाक. कार्पेट ताणून बसवायला किकर नावाचं एक अवजार, ज्याच्या एका टोकाला दात असतात आणि दुसऱ्या टोकाला गादी. त्या गादीवर गुडघ्याने धडक द्यायची. शेवटी गोंद निवेपर्यंत जोडावर काहीतरी जड ठेवावं लागतं. त्यासाठी साडूंनी आक्कांच्या स्वयंपाकघरातला पाटा उचलला. तेव्हापासून त्या घरात चटणी मिक्सरमध्ये होते, आणि चटणी वाढताना आक्का न चुकता सांगतात, "पाटा कामाला गेलाय."

मजुरी ते घेत नाहीत. पण इस्त्री चालू असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्यांनी कार्पेट जोडायला घेतलं तेव्हा सरपंच कौतुकाने दोन शब्द बोलायला उभे राहिले. साडूंनी मान वर न करता सांगितलं, "सरपंच, गोंद गार व्हतोय. भाषान मंग करा." सरपंच खाली बसले. गावाच्या इतिहासात सरपंचांचं भाषण पहिल्या वाक्यावर थांबल्याचा हा एकमेव प्रसंग असावा.

आकड्यांचं मात्र त्यांना वावडं आहे. त्यांचं सगळं माप बोटात, वितीत आणि हातात. त्यामुळे कुठेही काम निघालं की माझी टेप आणि मी, दोघंही जातो. "पाव्हनं, आकडा तुमी सांगायचा, कापायचं आमी," असा आमच्यातला करार आहे. मी सांगितलेला आकडा त्यांनी कधीही पुन्हा मोजून पाहिलेला नाही. माझ्या नोकरीत मला दोन प्रशस्तिपत्रकं मिळाली आहेत, पण ती मी कपाटात ठेवली आहेत. हे मी मनात ठेवलं आहे. बाकी जगावर त्यांचा असा विश्वास नाही. एकदा दुकानदाराने तुकडा अर्धं बोट कमी कापून दिला, तर साडूंनी तो आख्खा गठ्ठा परत नेऊन त्याच्या गादीवर ठेवला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याला अर्धं बोट म्हणजे किती ते दाखवलं.

त्यांच्या शास्त्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लव. कार्पेटची लव एका दिशेला निजलेली असते. दोन तुकड्यांची लव उलटसुलट दिशांना गेली, तर एकाच गठ्ठ्यातले असूनही एक काळपट दिसतो आणि एक फिकट. हे ज्ञान साडूंनी फक्त कार्पेटपुरतं ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून तिची लव सांगतात. किकरच्या धडकांनी गुडघा सुजला म्हणून मी त्यांना पिरंगुटला एका डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या कार्पेटचे दोन तुकडे उलट लवेचे होते. साडूंनी गुडघा दाखवलाच नाही. डॉक्टरांना खुर्चीतून उठवून दाराशी नेलं आणि विचारलं, "हितनं बघा. निम्मी खोली रुसल्यावानी दिसतीय का न्हाई?" डॉक्टरांनी बघितलं. दिसत होती. त्या दिवसापासून मलाही दिसते, आणि त्या डॉक्टरांकडे जायचं मी टाळतो.

लग्नसमारंभात त्यांना घेऊन जाणं ही तर परीक्षाच. मुळशी रस्त्यावरच्या एका लॉन्सवर ऐन मंगलाष्टकांत आमचे साडू शेजारून गायब झाले. बघतो तर स्टेजच्या पायरीशी गुडघ्यांवर. एका हातात अक्षता, दुसरा हात लाल कार्पेटवर. शेजारच्या बाईंना वाटलं काहीतरी मौल्यवान पडलं. त्याही वाकल्या. त्यांना बघून दोन पोरं वाकली, मग मुलीचा मामा. 'शुभमंगल सावधान' झालं तेव्हा पुढच्या रांगेतली निम्मी माणसं जमीन चाचपत होती.

"काय हरवलंय?" मामांनी घाबरून विचारलं.

"हरवलं न्हाई वो. जोड घावत न्हाईये. कारागीर चांगला हाय," असं म्हणून साडूंनी अक्षता कार्पेटवरच टाकल्या.

माणसं पारखायची त्यांची रीतही हीच. त्यांच्या एकुलत्या एका मुलीसाठी, म्हणजे आमच्या भाचीसाठी, महाळुंग्यातलं एक स्थळ आलं. मुलगा बालेवाडीच्या बाजूला कंपनीत, नव्या सोसायटीत स्वतःचा फ्लॅट. आम्ही घर बघायला गेलो. मी पगार, कर्जाचा हप्ता, फ्लॅटचं क्षेत्रफळ असे प्रश्न मनाशी जुळवून ठेवले होते. साडू दारातच थबकले. हॉलभर हिरवं कार्पेट होतं. खालच्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करायचे म्हणून टाकलेलं. त्याच्या मधोमध जोडाची रेघ अशी होती, की तिच्यातून मुंग्यांचा मोर्चा गेला असता.

"हे कुनी टाकलं?" साडूंनी विचारलं.

मुलगा लाल झाला. "मीच. व्हिडिओ बघून केलं. चुकलंय, माहितीये मला."

परतीच्या वाटेवर साडू म्हणाले, "देऊन टाकू." मी म्हटलं, अजून आपण काहीच विचारलं नाही. तर म्हणाले, "पाव्हनं, इतका बेकार जोड घेऊन जो मानूस 'मीच घेतला' म्हनतोय, त्यो पोरीला काय फसवनार?" जावयाविषयीचा त्यांचा हा निर्णय आजवर चुकलेला नाही, आणि माझे पगाराचे प्रश्न अजून विचारायचे राहिले आहेत.

लग्न झालं. भाची महाळुंग्याला गेली, आणि साडूंचा एक वेगळाच हट्ट दिसायला लागला. कामाशिवाय लेकीच्या घरी जायचं नाही. त्यांचे वडील असं वागायचे, आजोबाही असंच. "लेकीच्या दारात रिकामा बाप बरा दिसत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. नात झाली तरी हट्ट तोच. घोटावडे ते महाळुंगे हे काही परदेशाचं अंतर नाही. हिंजवडीत वाहनांच्या रांगेत अडकलं तरी तासाभरात माणूस पोचतो. पण साडू नातीचे फोटो फोनवर मोठे करून बघायचे, तिच्या डोक्यावरच्या जावळाची लव कुठल्या अंगाला आहे ते मला सांगायचे, आणि घरीच बसायचे. भाची रडवेली होऊन आक्कांना फोन करायची. आक्का म्हणायच्या, "त्यांना काम सांग बाई. काम असलं तर यमाच्या घरीबी जातील."

काम तसं एक होतंच. जावयाने घेतलेला तो जोड. साडूंनी पाटा, इस्त्री आणि मला घेऊन एक दिवस तो उखडला आणि नव्याने घेतला. मी तळहात फिरवून पाहिला, मग नख फिरवून. जोड कुठे आहे ते मला सांगता येईना. साडूंनी आजवर घेतलेला एकही जोड पुन्हा उघडलेला नाही, ही त्यांच्या अभिमानाची एकमेव जागा. जमीन, खोल्या, गावातला मान, यांबद्दल ते कधी बोलत नाहीत.

हा उघडला.

दोन-तीन महिन्यांनी भाचीने फोटो पाठवला. बाल्कनीच्या दाराजवळ कडा वर आलेल्या. साडू दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्यासह हजर. दिवसभर राहिले, जेवले, नातीला किकरच्या गादीवर बसवून घोडा घोडा केलं, जोड पक्का करून आले. पुन्हा काही महिन्यांनी तोच फोटो. तीच जागा. साडूंनी जोडपट्टी बदलली. पुन्हा उघडला. इस्त्री बदलली. पाट्याच्या जोडीला वरवंटाही नेला. पुन्हा उघडला. पहिल्यांदा ते चिडले, मग विचारात पडले, आणि शेवटी गप्प झाले. गावातल्या देवळाच्या सभामंडपाचं काम आलं, त्यांनी नको म्हणून सांगितलं. पेटी उघडून मला दाखवायचीही बंद झाली. सणाला जाऊन मी पहिल्यांदाच वेळेवर जेवलो, आणि ते जेवण मला गोड लागलं नाही.

"हात गेला माझा, पाव्हनं," ते म्हणाले. "जगाच्या घरचं जोड टिकत्यात आन लेकीच्या घरचा उघडतोय. एकदाच शेवटचं जायचं. त्यो जोडच काढून टाकायचा. पुरा आख्खा तुकडा टाकायचा, बिनजोडाचा. आन मंग पेटी कुनालातरी देऊन टाकायची."

मला त्या जोडाचं कुतूहल लागून राहिलं होतं. दमट हवेने उघडला म्हणावा तर सगळ्या लांबीत थोडाथोडा उघडायला हवा. चालण्याने म्हणावा तर मुख्य दाराच्या वाटेवर उघडायला हवा. हा नेहमी एकाच जागी उघडायचा, तिथे कुणी फारसं चालत नसे, आणि उघडलेली लांबीही दर वेळी जवळजवळ सारखीच. आकडे असे एकसारखे आले की स्टोअरमधला माणूस आधी माणसांकडे बघतो, मालाकडे नंतर.

आख्ख्या तुकड्याचं माप घ्यायला आम्ही महाळुंग्याला गेलो. साडूंना तो जोड बघवेना. ते नातीला घेऊन खाली सोसायटीच्या बागेत गेले. मी गुडघ्यावर बसून उघडलेली जागा नीट पाहिली. जोर लागून जोड सुटला की गोंदाला लवेचे धागे ओरबाडून चिकटलेले असतात. इथे गोंद गुळगुळीत आणि चकचकीत होता. म्हणजे तो सुटला नव्हता. परत तापवून कुणी अलगद सोडवला होता. मी टेप लावली. मग बेडरूमचं माप घ्यायच्या निमित्ताने आत गेलो, कपड्यांची इस्त्री उचलली आणि तिच्यावर टेप लावली. आकडा तोच भरला. उलटी करून पाहिली, तर कडेला गोंदाची एक पिवळट रेघ, आणि तिच्यात अडकलेला हिरवा धागा.

भाची दारात उभी होती.

"काका," ती म्हणाली, "आबांना सांगू नका ना."

"अगं, पण का?"

"नुसतं या म्हटलं तर येतात का ते? किती वेळा म्हटलं. जोड उघडला म्हटलं की सकाळी आठला बेल वाजते. दिवसभर असतात. पोरीशी खेळतात. किती खूश असतात, तुम्हीच बघितलंय."

"आणि तिकडे त्यांनी पेटी बंद केली, ते ठाऊक आहे का? हात गेला म्हणतात. आजचं हे शेवटचं काम आहे."

ती खाली बसली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. आक्कांनी सांगितलं नव्हतं, आणि बापाने सांगायचा प्रश्नच नव्हता. "मी परत हात नाही लावणार," ती डोळे पुसत म्हणाली. "पण बिनजोडाचं कार्पेट टाकलं तर ते येतील कसे?"

 खरं सांगावं तर साडूंचा हात वाचत होता, पण बापाला घरी आणायला लेकीला जोड उसवावा लागतो, हे त्या माणसाला कळणार होतं. न सांगावं तर हातही गेला आणि येणंही. इतक्यात बेल वाजली. साडू नातीला कडेवर घेऊन दारातच उभे राहिले. आत पाऊल न टाकता त्यांनी विचारलं, "पाव्हनं, रुंदी किती भरली?"

हॉलची रुंदी पावणेबारा फूट होती. कार्पेटचा गठ्ठा बारा फुटी मिळतो. म्हणजे एकच तुकडा, तीन इंच कापून, बिनजोडाचा चपखल बसत होता.

"साडेतेरा," मी म्हणालो.

"बारा फुटीत बसत न्हाई म्हनता?"

"नाही."

"मंग जोड आलाच."

"आला," मी म्हणालो. माझ्या तोंडून आकडा चुकीचा गेला की मला घाम येतो. तेव्हाही आला. साडूंनी मात्र नेहमीप्रमाणे मान डोलावली, आणि पुन्हा मोजलं नाही.

त्या आठवड्यात बारा फुटी तुकडा आणि वर दीड फुटाची पट्टी, असा माल महाळुंग्याला आला. जुनं कार्पेट उचललं. साडूंनी मोठा तुकडा हॉलमध्ये लोटला. तो उलगडत गेला, या भिंतीला लागला, त्या भिंतीला लागला, आणि दोन्हीकडे दीड दीड इंच वर चढून उभा राहिला. दीड फुटाची पट्टी कोपऱ्यात तशीच उभी होती. तिला ठेवायला खोलीत जागाच उरली नव्हती.

अर्ध्या बोटासाठी दुकान डोक्यावर घेणारा हा माणूस. इथे पावणेदोन फुटांची चूक होती, आणि ती माझी होती. मी टेपवरचे आकडे जणू पहिल्यांदाच बघतोय तसा बघत बसलो. साडू टाचांवर मागे बसले. त्यांनी या भिंतीकडे बघितलं, त्या भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या लेकीकडे. तिच्याकडे मात्र बराच वेळ बघत राहिले. तिने मान खाली घातली. कुणी काही बोललं नाही. त्या वेळी तर इस्त्री तापलेलीही नव्हती.

मग त्यांनी कटर घेतला, तुकडा पालथा घातला आणि तो आख्खा, नवा, बिनजोडाचा तुकडा मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापला.

"एकसंध तुकडा फुगतोय ह्या हवंत," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "मदी जोड पायजेच."

इतक्या वर्षांत हा नियम मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता. त्यांनी पट्टी ठेवली, इस्त्री तापवली. आम्ही सगळे सरपंचांसारखे गप्प बसलो. इस्त्री एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली, मागून दातेरी चाक गेलं, त्यामागून पाटा. सगळं निवल्यावर त्यांनी डोळे मिटून तळहात फिरवला आणि पेटी आवरायला घेतली. आवरताना माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "पाव्हनं, आकडा बराबर हाय तुमचा."

तो जोड उघडलेला नाही. साडू दर पंधरा-वीस दिवसांनी तो बघायला जातात. एकदा दगा दिलेली जागा आहे, नजर ठेवावी लागते, असं गावात सांगतात. देवळाच्या सभामंडपाचंही काम त्यांनी पुरं केलं. गेल्या रविवारी आम्ही घोटावड्याला गेलो, तर साडू घरी नव्हते. आक्का म्हणाल्या, सकाळीच महाळुंग्याला गेले, आणि हत्यारांची पेटी इथंच विसरले. मी घाईने फोन लावला, म्हटलं, पेटी घेऊन येऊ का. मागे नातीचा आरडाओरडा चालला होता, त्यामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"ऱ्हाऊ द्या," साडू म्हणाले. "आज नुस्ताच आलोय."